आत्याच्या काठीचा शेंडा

गळाच्या काठ्या बनवणाऱ्या माणसाने रंगाच्या बाबतीत हेकट असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बायकोचं मत असं की मला हेकटपणा करायला रंगाचं निमित्तसुद्धा लागत नाही.

गळाची दोरी ज्या कड्यांतून पुढे जाते, त्या कड्या काठीवर दोरा गुंडाळून बसवतात. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसभरही फट न ठेवता. त्यावर इपॉक्सीचा काचेसारखा थर देतात, आणि तो दोऱ्यात मुरला की दोऱ्याचा रंग गडद होतो. पोपटी दोरा शेवाळी होतो, लाल दोरा वांग्याच्या रंगावर जातो, नारिंगी पार तपकिरी होऊन जातो. ज्यांना हे नको असतं ते आधी प्रिझर्व्हर लावतात. दिसायला पातळ दुधासारखं असतं, म्हणून आमच्या घरात त्याला दूधच म्हणतात. ते सुकलं की दिसेनासं होतं आणि दोरा रिळावर होता तसाच भडक राहतो.

मी दूध वापरत नाही. मला गडद दोरा आवडतो, तो काठीचाच होऊन जातो. दूध लावलेल्या काठ्या वाढदिवसाच्या भेटीला रिबीन बांधल्यासारख्या दिसतात. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर मी त्याला दुसऱ्या कारागिराचा पत्ता देतो, आणि बायको आतून मोठ्याने उसासा टाकते.

पण आत्याला कुणाचा पत्ता देणार?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मला गळ टाकायला शिकवलं तिने, आणि तडतड्या हे नावही ठेवलं तिनेच. ती तळ्यावर खुर्ची टाकून बसते, काठी स्टँडवर टेकवते आणि शेंड्यावर नजर लावते. मासा लागला की शेंडा थरथरतो, मग ती उठते. हीच तिची पद्धत. पण गेल्या वर्षापासून तिची नजर मधोमध धूसर झाली आहे. समोरचं माणूस बघायचं तर मान जराशी वळवून कडेने बघते. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही.

"शेंडा दिसत नाही रे," ती दुकानात येऊन म्हणाली. "मासे आमिष खाऊन जातात आणि मी आपली बसलेय. मागच्या खेपेला शेजारच्या माणसाने ओरडून सांगितलं. लाज वाटली मला."

"घंटी लाव ना शेंड्याला. वाजली की ओढायचं."

"घंटी वाजायची वाट बघायची तर मी घरी दारापाशी बसेन की."

तिने खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. डोळ्यांत घुसेल असा नारिंगी. रस्ता खोदणाऱ्या माणसांच्या जाकिटांचा असतो ना, तसला.

"हा मला दिसतो. शेंड्याच्या सगळ्या कड्या याने बांध. आणि रंग असाच राहिला पाहिजे. तुझं ते गडद-बिडद नको." मग जरा थांबून म्हणाली, "या काठीनेही जमलं नाही, तर सगळ्या काठ्या देऊन टाकेन. खरंच सांगते. काठावर बसून लोकांच्या ओरडण्याची वाट नाही बघायची मला."

ती थट्टेत बोलत नव्हती. आत्या तळ्याशिवाय, हे मला कल्पनेतही नको होतं. तिच्यासाठी मी दूध आणलं, पण नाक मुरडतच.

आणि तिथेच माती खाल्ली. आयुष्यभर इपॉक्सीचा हात बसलेला. इपॉक्सी कमीच लावायची असते, जास्त झाली की ओघळते. दूध मात्र दोऱ्याला भरपूर पाजावं लागतं, आतल्या वेढ्यापर्यंत. मी फुटकळ काम उरकावं तसं कडीजवळ थोडंथोडं टेकवलं. म्हटलं, पसरेल आपोआप. वरून सगळं सारखंच ओलं दिसत होतं, सुकल्यावर सारखंच कोरडं. त्यावर इपॉक्सी चढवली, काठी मोटरवर लावली. मोटर काठी हळूहळू फिरवत राहते, म्हणजे थर एका बाजूला लोंबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक बांधणी कडीजवळ लखलखीत नारिंगी, आणि बाहेरच्या अर्ध्यात तपकिरी काळपट. दूध पसरलंच नव्हतं. इपॉक्सी एकदा घट्ट झाली की काही करता येत नाही. पातं घेऊन सगळं कापायचं, खरवडायचं आणि पहिल्यापासून बांधायचं.

"कुणाचा पत्ता द्यायचा आता?" बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पातं हातात घेतलं, तेवढ्यात दारात आत्या. तिला धीर नव्हता, पहिली बस पकडून आली होती.

"झाली?"

"नाही झाली. बिघडली. दोन दिवसांनी ये."

"बघू तर."

"बघण्यासारखं काही नाही त्यात, आत्या."

"मला तसंही काय दिसतंय," म्हणत तिने काठी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. मान वळवली. शेंडा खाली केला, वर केला. पुन्हा खाली केला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असणार. मी अगदी कानकोंडा झालो.

"हा दिसतोय," ती म्हणाली.

"माझं मन राखायला बोलू नकोस."

"तुझं मन कधी राखलंय मी? अगं सूनबाई, ही घे आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहा. मधूनमधून शेंड्याला टिचकी मार."

बायको लगेच गेली. अशा कामांना तिला दोनदा सांगावं लागत नाही. रस्त्यापलीकडच्या फिक्या भिंतीसमोर तिने काठी आडवी धरली. तिची बोटं आत्याला दिसणं शक्यच नव्हतं.

"आता," आत्या म्हणाली. "आता. आता नाही, नुसती हलवतेय. आता."

एकही टिचकी चुकली नाही. मग मला राहवेना. मी उरलेला नारिंगी दोरा एका जुन्या काठीवर गुंडाळला, दूध नाही, काही नाही, आणि बायकोला तीही दिली. निव्वळ नारिंगी. आत्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"ही उजेडात विरघळून जाते रे. हातात घेतल्यावर दिसते, लांबून नाही." ती खुर्चीत बसली. "त्या बिघडलेल्या काठीवर काळं आणि उजळ शेजारी शेजारी आहे. हललं की कळतं."

म्हणजे तिने मागितलं होतं ते तिच्या कामाचं नव्हतं, आणि मला आवडायचं तेही नाही. दोन्ही एकत्र हवं होतं, आणि ते झालं होतं माझ्या गबाळेपणामुळे. मला एकाच वेळी हसू आलं आणि बरंही वाटलं.

पण ती बांधणी तशीच देणं मला पटेना. नारिंगी आणि तपकिरीची हद्द कुरतडल्यासारखी वेडीवाकडी होती. आत्या म्हणाली, मला कुठे दिसतेय. मी म्हटलं, मला दिसतेय ना. पातं घेतलं आणि सगळं कापून काढलं.

चुकून केलेलं मुद्दाम करायला बसलो तेव्हा घाम फुटला. नारिंगी उजळ राहावा म्हणून भरपूर दूध पाजलं, तर ते दोऱ्यातून सरसर पुढे पळालं आणि सगळी बांधणीच उजळ झाली. पुन्हा कापलं. वैतागून ब्रश आपटला, तो कपाटाखाली गेला.

"एवढं एकदम कशाला पाजता?" बायको दारातून म्हणाली. "घोटभर द्या, सुकू द्या, मग पुन्हा घोटभर. तुम्हाला थांबायचं ठाऊकच नाही."

तिचं बरोबर निघालं, हे मला अजिबात आवडलं नाही. ब्रशच्या टोकाने थेंब, मग सुकेपर्यंत बसून राहणं, मग पुन्हा थेंब. आयुष्यात एवढा शांत मी कधी बसलो नव्हतो. शेवटी इपॉक्सी चढली आणि बाहेरचा अर्धा भाग माझ्या डोळ्यांदेखत गडद होत गेला. आतला तसाच राहिला. मध्ये सरळ, बारीक रेघ. खोटं कशाला बोलू, इतकी देखणी बांधणी माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती.

थर पुरता घट्ट झाल्यावर आम्ही तळ्यावर गेलो. पाण्यावर ऊन चमकत होतं, मलाच डोळे बारीक करावे लागत होते. आत्याने आमिष लावलं, गळ टाकला, काठी स्टँडवर टेकवली आणि मान कलती करून बसली. मी तिच्या शेजारी. आज दिसलं नाही तर घरी जाताना ती काय म्हणेल, हे मला माहीत होतं. मासा लागला तरी ओरडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. माझं लक्ष भरकटलं. त्या रेघेवर ऊन पडलं होतं, तपकिरीत आतून तांबूस झाक आली होती, आणि मी ती न्याहाळत बसलो.

खुर्ची करकरली. आत्या उठली होती, काठी तिच्या हातात होती, आणि शेंडा पाण्याकडे वाकला होता. मी काही पाहिलंच नव्हतं.

मासा तळहाताएवढा निघाला. तिने तो ओल्या हाताने सोडवला, पाण्यात परत सोडला आणि बोटं रुमालाला पुसली. तिचा चेहरा उजळला होता.

"तुझं लक्ष कुठे होतं रे, तडतड्या? चांगला दोनदा हलला शेंडा."

"दोऱ्याकडे बघत होतो."

"मग बघ निवांत." तिने नवं आमिष लावलं आणि गळ पुन्हा पाण्यात टाकला. "आणि घरी माझी मोठी काठी पडलीये ना, ती उद्या घेऊन जा. तीही अशीच बिघडवून दे."