उसेनेची सरळ वाट

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते आणि गावभर सांगत मात्र तोच फिरतो. अंगोशेच्या खाडीवरच्या अतिजाची गोष्ट ऐकवतो, आणि तिच्या धाकट्या भावाची, उसेनेची.

अख्खी वस्ती जिचं पाणी पिते त्या गोड्या विहिरीची राखण अतिजाकडे. विहीर आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळाचं दाट रान. देवानं त्या झाडांना एकेकाला मुळांचे पन्नास गुडघे दिलेत. लाट येते, गुडघ्यागुडघ्याला अडखळते, आणि अलीकडे पोचेतो तिचा सगळा माज उतरलेला असतो.

पण उसेनेच्या होडीला इंजिन बसलं आणि त्याला खाडीचा वळसा जड वाटायला लागला. रान तोडून थेट दारापर्यंत वाट काढायची, असं त्याच्या मनानं घेतलं.

"काढायचीच तर नागमोडी काढ," अतिजा म्हणाली. "आजोबांच्या सगळ्या वाटा वाकड्या. का, ते कधी विचारलंस?"

"आजोबांकडे इंजिन नव्हतं, ताई."

"डोकं होतं."

शेवटी तिनं मशिदीतल्या शेख अबुदोंच्या कानावर घातलं. शेखांनी शुक्रवारी, पूर येणार म्हणून लोकांना बजावत राहिलेल्या नूह पैगंबराची कथा गायली. काय तो गळा, ओळीओळीला माणसं डोळे पुसत होती. सगळ्यांत जास्त उसेने रडला. आणि शनिवारी सकाळी कुऱ्हाड घेऊन रानात हजर.

"मग काल रडलास कशाला?"

"नूहसाठी. बिचाऱ्याचं कुणीच ऐकलं नाही गं."

अतिजानं कपाळाला हात लावला. आणि वाट निघाली, सुतासारखी सरळ.

पुढं मार्चात वादळ आलं, नेमकं भर भरतीला. रानाआडच्या घरांत पाणी आलं ते सावकाश, घोट्याएवढं. कोंबड्यांनासुद्धा छपरावर चढायला सवड मिळाली. उसेनेच्या वाटेनं मात्र ते उधळलेल्या बैलासारखं घुसलं. त्याचीच होडी उचलून विहिरीवर आपटली. कठडा फुटला, समुद्र आत उतरला, विहीर खारट झाली. बायकांची डबे घेऊन पलीकडच्या वस्तीपर्यंत रोजची पायपीट सुरू झाली.

उसेने विहीर उपसू लागला. ओहोटीला वाटेत कांदळाच्या शेंगा रोवायचा.

"चारशे झाल्या, ताई."

ती बघायला गेली, तर निम्म्या उलट्या. मुळं आभाळाकडे.

"हे काय रे?"

"टोक वर ठेवलंय. लाटेला टोचेल."

या माणसाशी बोलायचं तरी काय? लुगडं खोचून ती चिखलात उतरली आणि एकेक शेंग उपटून सुलटी करू लागली. दोन पावसाळे गेले तेव्हा कुठं पाणी पुन्हा तोंडात धरण्याजोगं झालं.

आता कुणी तिला दुवा द्यायला लागलं, की ती हात हलवून म्हणते, "मला नको. त्याला द्या."

माझीही तेवढीच विनंती. देवापुढं बसाल तेव्हा उसेनेची आठवण ठेवा. अतिजाची देवाला आहेच.