माझ्यावर कुणी बसेना

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्चीसाठी लोक एकमेकांच्या जिवावर उठतात असे ऐकते. माझ्यावर मात्र कुणी बसायलाच तयार नव्हते.

मोठ्या घराण्यातल्या एका चित्रकार बाईसाहेबांनी मला कागदावर जन्म दिला. त्या दिवे, पेले, पडद्यांवरची नक्षी असे पुष्कळ काही काढत; पण त्यांचा जीव खुर्च्यांवर. माझे चित्र त्यांनी कितीदा तरी खोडले. मग मिस्त्रींनी वाफेवर लाकूड वाकवून माझी पाठ घडवली आणि वेताची बैठक विणली.

"बसा मिस्त्री, आणि कुठे टोचतं ते सांगा," बाईसाहेब म्हणाल्या.

मिस्त्री मागे सरकले. "तुमच्यासमोर कसा बसू? खुर्ची झकास झालीय."

"न बसताच कळलं?"

"तुम्ही काढलीय म्हटल्यावर झकासच असणार."

बाईसाहेबांसमोर बसायची त्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. नोकर उभे, शिंपी उभा, भाचेसुद्धा उभ्याउभ्याच बोलून जात. पाहुणे दाराशी अदबीने "वा, वा!" करत. त्या स्वतः बसून बघत. पण आपल्या हातचे आपल्याला गोडच लागते. त्यांना हवे होते ते एवढेच, की कुणीतरी समोर बसावे आणि खरे बोलावे. संध्याकाळी त्या मला समोर ओढून घेत, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहत असू. फार एकटे वाटे, मला आणि त्यांनाही.

म्हातारपणी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एक नवी नर्स आली. दिवसभर पायांवर उभी असलेली ती पोर, न विचारताच माझ्यावर धपकन बसली! बाईसाहेबांनी श्वास रोखला.

"टोचतं का गं कुठे?"

"टोचतं म्हणजे काय! ही पट्टी पाठीत घुसतेय. कुणी केलीय ही, आजी?"

"मी."

नर्स ताडकन उठू लागली.

"उठू नकोस. कुठे ते नीट दाखव," बाईसाहेब म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. त्यांचे असे हसणे मी प्रथमच ऐकले. पडल्यापडल्याच त्यांनी पट्टी थोडी खाली घेऊन माझे नवे चित्र काढायला घेतले. ते अर्धेच राहिले. त्या गेल्या.

आता मी संग्रहालयाच्या एका मोठ्या दालनात असते. मला रोज पुसतात, पॉलिश करतात. भोवती दोरी आहे आणि 'बसू नये' अशी पाटी. लोक लांबूनच वाहवा करून पुढे जातात.

एकदा ती नर्स आली. दोरीपाशी बराच वेळ थांबली. मग पहारेकऱ्याला हळूच म्हणाली, "ही पाठीला टोचते, बरं का."

"कशी टोचेल?" तो म्हणाला. "केवढ्या मोठ्या कलाकाराची आहे!"

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसली तरी चालेल. पण कुणी आपल्या हातचे काही तुमच्यापुढे ठेवले, तर लांबून वा वा करू नका. जवळ बसा आणि खरे काय ते सांगा. ते माणूस कदाचित जन्मभर त्याचीच वाट बघत असेल.