सेराफिनाला कुठे ठेवायचं

सेराफिना मुर्झेलो गुरुवारी सकाळी मरोळ गावठाणातल्या आपल्या घरी वारली. चहा घेऊन ती खुर्चीत हातात माळ धरून रोझरीची प्रार्थना म्हणत बसली होती. मुलगी लवीना भाजी आणायला खाली उतरली आणि परत आली तेव्हा आईची मान कलली होती. वय अठ्ठ्याहत्तर. आजार म्हणावा असा काही नव्हता.

मुलगा ऑस्विन मेलबर्नला असतो. तो येईपर्यंत बॉडी शवागारात ठेवली. शनिवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना आणि मग दफन, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुर्झेलोंची जुनी कबर चर्चच्या सिमेटरीत आहेच. शुक्रवारी दुपारी फादर वेळ ठरवायला घरी आले, तेव्हा लवीनाने सांगितलं, की मम्माला पुरायचं नाही, जाळायचं. तिने तसं सांगून ठेवलं होतं.

खोलीत ऑस्विन, लवीनाचा नवरा प्रज्योत आणि सेराफिनाचे थोरले दीर रेमंड होते. फादर म्हणाले, चर्चची त्याला हरकत नसते, मिस्सा तशीच होईल, कुटुंबाने ठरवावं. रेमंडअंकलना ते पटलं नाही. आमच्या घराण्यातली बाई अशी जाणार नाही, एवढं बोलून ते उठून गेले.

सेराफिनाबद्दल असं काही ऐकायची कुणाची तयारी नव्हती, कारण तिच्याइतकी नेमाची बाई गावठाणात दुसरी नव्हती. महापालिकेच्या इस्पितळात ती तीस-बत्तीस वर्षं नर्स होती. सकाळची ड्युटी असली तर पहिली मिस्सा करून, नसली तर दुसरी. उपवासकाळात घरात मटण शिजत नसे आणि मुलांना त्यातून सूट नव्हती. ऑस्विनने एकदा कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या तासाला, दांडी मारली, तेव्हा तिने त्याला हाताला धरून फादरांसमोर उभं केलं होतं.

इस्पितळात तिची एक सवय होती. वॉर्डात कुणी दगावलं, की नातेवाइकांनी बघण्याआधी ती स्वतः त्या माणसाला पुसून काढायची. खरं तर ते आयाचं काम. पण सेराफिना गरम पाणी मागवायची, तोंड-हात-पाय पुसायची, केस विंचरायची, मग चादर बदलायची. द्रौपदी नावाची आया तिच्यासोबत असे. द्रौपदीने सुरुवातीला विचारलं होतं, सिस्टर, आता ह्यांना काय कळतंय? सेराफिना म्हणाली होती, घरच्यांना कळतं ना. दोघींचं पुढे चांगलं जमलं. द्रौपदी रिटायर होऊन दहिसरला राहायला गेली तरी नाताळला येत राहिली.

सेराफिनाचा नवरा बर्नार्ड विमानतळावर कार्गोत होता. शांत माणूस. दोन हजार वीसच्या मे महिन्यात त्याला ताप आला आणि श्वास लागला. ॲम्ब्युलन्समध्ये तो स्वतःच्या पायांनी चढला. सेराफिनाला बरोबर येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी इस्पितळातून फोन आला.

ती आणि लवीना तिथे पोचल्या तेव्हा बर्नार्डला पिशवीत बंद केलं होतं. सेराफिनाने तिथल्या माणसाला सांगितलं, की मी नर्स आहे, किट घालते, मला फक्त त्यांचं तोंड पुसू द्या. त्याने हात जोडले. नियम नाही म्हणाला. त्या दिवसांत सिमेटरीत जागा मिळेल की नाही ते कुणी धड सांगत नव्हतं आणि गाडीवाल्यांना घाई होती. बर्नार्डला सरळ विद्युतदाहिनीत नेलं. दोघी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. ऑस्विनची विमानं बंद होती. त्याने फोनवर फक्त ते फाटक पाहिलं.

राख मातीच्या मडक्यात मिळाली. ते मडकं कितीतरी महिने घरात अल्तारवर, येशूच्या तसबिरीसमोर, राहिलं. सिमेटरीच्या भिंतीत राखेसाठी कोनाडे झाले तेव्हा त्यातला एक बर्नार्डला मिळाला. सेराफिनाचं बाकी सगळं पूर्वीसारखं चाललं, मिस्सा, रोझरी, शेजाऱ्यांचं बीपी बघणं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त गेल्या वर्षी एका दुपारी बोंबील साफ करताना तिने लवीनाला सांगितलं.

"मलापण तिथेच न्यायचं, दाहिनीत."

लवीनाने विषय बदलायला बघितलं. सेराफिना थांबली नाही. "अख्ख्या जगाला मी आंघोळ घातली आणि त्याला नाही. तो तसाच एकटा गेला. मी कबरीत आरामात झोपायची आणि तो भिंतीत? नाही जमणार मला. देवाला हाडं लागत नाहीत, लवीना."

ह्याला साक्षीदार कुणी नव्हतं. आणि अडचण तिथेच होती. प्रज्योत हिंदू. फादर गेल्यावर ऑस्विन लवीनाला म्हणाला,

"प्रज्योतच्या घरी जाळतात म्हणून तुला ते साधं वाटतं. मम्मा असं बोलेल?"

प्रज्योत उठून आत गेला. लवीनाने भांडण केलं नाही. मम्मा जे बोलली ते मी सांगितलं, म्हणाली. आता तू मोठा आहेस, तू ठरव.

संध्याकाळी द्रौपदी आली. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती एवढंच विचारायला आली होती, की सिस्टरना उद्या मी पुसलं तर चालेल का. लवीनाने होकार दिला. शनिवारी सकाळी शवागारात दोघी आत गेल्या आणि ऑस्विन बाहेर बाकावर बसला. आतून पाण्याचा आवाज येत होता. मध्येच द्रौपदी कंगवा मागायला बाहेर आली. लवीना आणायला विसरली होती. ऑस्विनने खिशातला स्वतःचा काढून दिला.

लवीना बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "मला अजून खरं वाटत नाही. पण ती खरंच असं बोलली असेल आणि मी नाही केलं, तर? दाहिनीत नेऊ."

मिस्सेला चर्च भरलं होतं. रेमंडअंकल पहिल्या रांगेत होते. मिस्सा झाल्यावर ते सरळ घरी गेले. बाकीचे थोडेच लोक दाहिनीपर्यंत आले. तिथल्या माणसाने सांगितलं, हातातली माळ काढा, धातूची आहे. ऑस्विन पुढे झाला. बोटं कडक झाली होती, माळ सुटायला वेळ लागला. माणसाने घाई केली नाही. माळ निघाल्यावर ऑस्विनने आईच्या गालावर हात ठेवला. लवीनाने त्याला लहानपणानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात राख बर्नार्डच्या कोनाड्यात ठेवली. त्या दिवशी रेमंडअंकल आले. लांब उभे राहिले, प्रार्थना संपल्यावर जवळ येऊन त्यांनी लवीनाला विचारलं, कोनाड्याच्या दगडावर नाव कधी कोरणार? कोरणारा आपल्या ओळखीचा आहे, त्याला सांगतो, म्हणाले.

ऑस्विन दोन दिवसांनी मेलबर्नला परतला. विमानतळावर सोडायला प्रज्योत गेला होता. गाडीत दोघं क्रिकेटबद्दल बोलले. आईचं ते बोलणं खरं वाटलं की नाही, हे ऑस्विनने लवीनाला कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.