दादाने मऊ मागितलं होतं

गिऱ्हाईक काय मागतं ते मी ऐकून घेतो आणि गाडीला काय हवंय ते बसवतो. तीस वर्षं हाच धंदा आणि हीच मिजास. एक फेरी मारली की गाडीचं सगळं दुखणं मला कळतं. चालवणाऱ्याकडे बघायची गरज कधी वाटली नाही. सख्ख्या भावाच्या बाबतीतही वाटली नाही. त्याचं आज इतकं वाईट वाटतं की सकाळी गॅरेजचं शटर उघडायलाही नको वाटतं.

दादाची जुनी जीप. डोंगरावरच्या पठारावर त्याच्या मधमाश्यांच्या साठ पेट्या. वर जायला कच्चा चढ, सुट्या खडीचा, अकरा वळणांचा. चढावर पुढचं एक चाक उचललं गेलं की साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारं यंत्र, सगळा जोर त्याच चाकाला देतं. ते गरगर फिरत बसतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून पुढच्या अॅक्सलला दुसरं डिफरन्शियल बसवून घ्यायला तो आला होता. पठारावर फुलं यायला तीन आठवडे होते.

मी त्याला दोन प्रकार समजावले. एक कडक: दोन्ही चाकं एकत्र जखडून टाकतं, कुठलाही चढ चढवतं, फक्त वळताना स्टिअरिंग हातातून ओढून घेतं. दुसरं मऊ: घसरणाऱ्या चाकाचा थोडा जोर दुसऱ्याला देतं, स्टिअरिंगला त्रास नाही, पण चाक पुरतं हवेत गेलं तर त्याच्याने फारसं काही होत नाही. कडक माझ्या फळीवर पडलेलं होतं. मऊ मागवायला दहा दिवस लागणार होते.

दादा म्हणाला, मऊ मागव. मी हसलो. म्हटलं, एवढा चढ आणि तुला गुळमुळीत माल हवा, म्हातारा झालास की काय? तर म्हणे टायर कमी झिजतील. आता टायरचं दादाला कधी सोयरसुतक नव्हतं, पार तारा दिसेपर्यंत वापरायचा. तरी मी खोदून विचारलं नाही. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. स्टिअरिंगला जाड दोरी गुंडाळून घेतली होती, त्यावरून मी त्याची थट्टाही केली, की या वयात गाडी नटवायला लागलास. सगळं डोळ्यांसमोर होतं. माझं लक्ष अॅक्सलमध्ये.

जीप ठेवून तो घरी गेला आणि मी कडक बसवून टाकलं. भावाला भारीतला माल द्यायचा, वर पोचल्यावर तो माझं नाव काढेल, असं माझ्या डोक्यात. गॅरेजमागच्या खडीच्या ढिगावर जीप चढवून बघितली. स्टिअरिंग हिसके देत होतं, पण माझ्या मनगटांना त्याचं काय! न्यायला आला तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं. तो पुढच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिला, मग 'बरं' म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

पहिली फुलं उमलली त्या दिवशी तो वर निघाला आणि दुपारी वहिनींचा फोन आला. चौथ्या वळणावर स्टिअरिंग त्याच्या हातातून सुटलं, जीप कडेच्या दगडाला जाऊन टेकली. त्याला खरचटलंही नव्हतं, चालत घरी आला होता. माझ्या जिभेला हाड कुठलं? मी सुरू झालो, एवढं भारी बसवून दिलं तरी याला साधं वळण घेता येत नाही का. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, यांच्या हातातली ताकद चाललीय," त्या म्हणाल्या. "नसांचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, या फुलोऱ्यापुरते हात साथ देतील, पुढचं सांगता येत नाही. म्हणून मऊ मागत होते."

मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना गाडीला हात लावू दिला असता?"

नसता लावू दिला. दादा मला चांगला ओळखून होता. मीच त्याला ओळखलं नाही.

जीप ओढून आणली, मऊ डिफरन्शियल मागवलं. ते यायला दहा दिवस, बसवायला दोन. बाकीची सगळी कामं मी बाजूला सारली होती, पण फुलं काही माझ्या कामासाठी थांबणार नव्हती. काम झालं तेव्हा स्टिअरिंग दोन बोटांनी वळत होतं. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नसेल.

दादा आला आणि चालवायच्या जागेवर बसला. किल्ली फिरवायला गेला तर बोटं तिच्यावरून घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्याने डावा हात उजव्यावर दाबून धरला, तरी किल्ली फिरेना. मी पाने पुसत होतो, उगाच. शेवटी खिडकीतून हात घालून मीच ती फिरवली. इंजिन सुरू झालं. त्याने दोरीवर तळवे टेकवून स्टिअरिंग डावीकडे वळवलं, मग उजवीकडे.

"आता बरोबर झालंय," तो म्हणाला. मग हळूच सरकून शेजारच्या सीटवर गेला. "तू चालव. पेट्या विकायच्याच आहेत, एकदा बघून येऊ."

माफी मागायची होती. जीप चढाला लावली. फुलं झडून गेली होती, कडेला नुसती वाळकी बोंडं. स्टिअरिंग अगदी हलकं वळत होतं, अकराही वळणांवर. आणि दर वळणाला दादाचे मांडीवरचे दोन्ही हात माझ्याबरोबर वळत होते.