बदली येईपर्यंत

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा, माझ्या नोकरीचा जीव एका हिरव्या ठिपक्यात होता. काम घरून. विम्याच्या दाव्यांचे कागद संगणकावर तपासायचे, सही जुळते का, तारीख जुळते का बघायचं आणि पुढे ढकलायचं. माउस तीन मिनिटं हलला नाही की माझ्या नावापुढचा ठिपका पिवळा व्हायचा आणि आमच्या टीम लीडरला ते लगेच कळायचं. तिला आम्ही टाचणीबाई म्हणायचो. तिचा निरोप दोनच शब्दांचा असायचा. 'आहात ना?' एवढंच, पण टोचायचं.

पिवळ्या ठिपक्यांपायी मला दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की घरी बसा. घरीच बसलेल्या माणसाला घरी बसा म्हणण्यातला विनोद मला कळत होता, हसू मात्र येत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या कमरेच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करून घेणार? बायको औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असायची. ती उभी राहून दमायची, मी बसून.

कमरेचं दुखणं डाव्या पायात उतरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास उन्हात चाला. नाहीतर वर्षभरात तुम्हाला खुर्चीवरून उठवायला दोन माणसं लागतील." कंपनीलाही माझी काळजी होतीच. दर पाऊण तासाने पडद्यावर एक हसरा चेहरा उगवायचा आणि म्हणायचा, 'उठा! पाणी प्या! चार पावलं चाला!' उठलो की ठिपका पिवळा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कंपनीनेच खणलेल्या.

हे सगळं बाबा बघत होते. माझे वडील चौतीस वर्षं एका कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले. उजव्या तर्जनीचं एक पेर तिथेच ठेवून आलेले. एका दुपारी मी पोटरी चोळत बसलो होतो, तर येऊन म्हणाले, "ऊठ. मी बसतो."

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"कळायचंय काय त्यात? तीन मिनिटांत एकदा हलवायचं. चौतीस वर्षं लोखंड सोललं मी, हे साबणाच्या वडीएवढं यंत्र नाही हलवता येणार?"

त्यांनी रीतसर चार्ज घेतला. टेबल फडक्याने पुसलं, बाह्या दुमडल्या, चष्मा लावला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. मग म्हणाले, "आमच्यात एक नियम होता. बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही." बदली म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. "तो येऊन हात लावेपर्यंत आपला हात काढायचा नाही. तेव्हा तू वेळेवर ये."

"अर्ध्या तासात येतो," मी म्हणालो.

अर्ध्याच तासाला कारण होतं. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि त्या गोळीने त्यांना तासातासाला लघवीला जावं लागायचं. गुडघे असे की न्हाणीघरापर्यंत जाऊन यायला सहा-सात मिनिटं लागायची. तेवढ्यात ठिपका पिवळा झाला असता.

पंधरा दिवस आमचं छान जमलं. उन्हात चालून माझा पाय मोकळा झाला. बाबांना तर पालवीच फुटली. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. दोन वाजले की ते दारात हजर. "पाळी बदलली, चल, नीघ." त्यातच टाचणीबाईचा सगळ्यांदेखत निरोप आला की दुपारची माझी एकाग्रता इतरांनी शिकण्यासारखी आहे. बाबांना वाचून दाखवला तर त्यांनी कॉलर ताठ केली आणि म्हणाले, "बघ, शिकून घे काहीतरी."

पायांना सवय लागते. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली, मग पाऊण तास, मग एक तास. हल्ली मी दारात दिसलो रे दिसलो की ते टेबल धरून लगबगीने उठायचे आणि न्हाणीघराकडे निघायचे. मला ते दिसत होतं. दिसत होतं आणि मी सावकाश बूट काढत होतो.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं उठलं होतं. एक कागद टाचणीबाईने तीनदा परत धाडला होता. दोनला बाबांच्या हातात माउस दिला आणि बागेत जाऊन बाकावर जरा टेकलो. उन्हाने पाठ शेकली गेली आणि मला झोप लागली. अशी झोप वर्षभरात लागली नव्हती. जाग आली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. धडपडत फोन काढला. त्यावर मला माझा ठिपका दिसायचा. हिरवा होता. जीव भांड्यात पडला.

हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी स्वतःला सांगितलं. उठून सरळ घरी जायचं तर कोपऱ्यावर चहा घेतला. जुना एक सहकारी भेटला, त्याच्याबरोबर दुसरा घेतला. टाचणीबाईची नक्कल करून त्याला पोट धरून हसायला लावलं. मधूनमधून खिशातून फोन काढून बघत होतो. हिरवा. टाचणीबाई माझ्याकडे जशी बघते, तसाच मी माझ्या बापाकडे बघत होतो. आणि ती दुपार फार छान गेली. सांगायला लाज वाटते, पण छान गेली.

घरात शिरलो तेव्हा पावणेपाच वाजत होते. बाबा ताठ बसले होते, हात माउसवर, नजर घड्याळावर. पडद्यावर बाण कचऱ्याच्या डब्याभोवती गोल गोल फिरत होता. "आलो बाबा, उठा," मी म्हणालो. ते उठले नाहीत.

"सूनबाई नाही ना आली?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नाही. का?"

मग मला वास आला. खुर्चीखाली फरशी ओली होती. टेबल पुसायचं फडकं त्यांनी पायाने तिथे सरकवलं होतं, पण ते पुरलं नव्हतं.

"फोन का नाही केलात?" मी ओरडलोच. चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

"खिशातच होता. म्हटलं, झोपला असशील कुठेतरी. झोपू दे." ते हसायला बघत होते. "हा पडद्यावरचा सारखा उठ, उठ म्हणत होता. मी म्हटलं, मालक, बदली येऊ दे, मग उठतो." मग म्हणाले, "एकदाही पिवळा झाला नाही, बरं का."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तो संगणक उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असंही वाटलं. यातलं मी काही केलं नाही. त्यांना काखेत धरून उभं केलं. पँट पायांना चिकटली होती, म्हणून ते पाय फाकवून एकेक पाऊल टाकत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. माझ्या लहानपणी कामावरून आला की हाच माणूस मला एका हाताने उचलून खांद्यावर बसवायचा.

दारापाशी बाबा थांबले. मागे वळून त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"दोन मिनिटं होऊन गेली. जा, मशीन रिकामं आहे."

"खड्ड्यात गेलं मशीन. चला तुम्ही."

"मी भिंत धरून जातो. तिसरी ताकीद आहे ना रे तुझी?" त्यांनी त्या अर्ध्या बोटाच्या हाताने माझा हात काखेतून सोडवला. खरं सांगायचं तर त्यांनी जोर लावलाच नव्हता. मीच सोडला.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज यायच्या आत मी टेबलापाशी पोचलो होतो. पडद्यावर हसरा चेहरा नुकताच उगवला होता. 'उठा! पाणी प्या! चार पावलं चाला!' खुर्ची ओली होती. मी बसलो आणि माउस हलवला.