घुसळलेली ऊब

“अहो, नुसता दारं आपटतो मेला. त्या वाऱ्याला कामाला लावा की कधीतरी.”

बायकोला जाऊन वर्षं लोटली, पण वारा सुटला की तिचा हा आवाज पंप-मिस्त्रीच्या कानाशी येऊन बसायचा. शेवटी त्याने वाऱ्याला कामाला लावलंच. छपरावर चाक, चाकाखाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पिंपातल्या पाण्यात फिरणारी पाती. गार वारा जितका पिसाळेल तितकं पाणी घुसळलं जायचं, घुसळून घुसळून तापायचं आणि नळीतून खोलीभर हिंडायचं. शेजारी म्हणायचे, मिस्त्री म्हातारपणी वाऱ्याचं लोणी काढतोय.

आज मुलगी आली होती, कडेवर नात. मागल्या हिवाळ्यात इथल्या गारठ्याने नात खोकून बेजार झाली, तेव्हापासून मुलीचा पाय इकडे वळला नव्हता. दारातच तिने सांगून टाकलं, खोली उबदार असेल तर राहीन, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत.

वारा तर झकास सुटला होता. चाक गरगरत होतं, कुरकुर नाही की खडखड नाही. मुलीने नळीला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

“बाबा, ही तर बर्फ आहे.”

आणि ती नातीचे मोजे पिशवीत भरू लागली.

मिस्त्रीने पिंपाचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. आवाजाने नातीची झोप मोडू नये म्हणून कालच त्याने पाणी आपटून खडखडणाऱ्या आतल्या आडव्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. जन्मभर पंप हलके फिरवले. कुठे घासताना दिसलं की हात शिवशिवायचे. आता पाण्याला अडवणारं आत काही उरलंच नव्हतं. ते पात्यांसोबत मजेत गोल फिरत होतं. घासल्याशिवाय तापणार कसं?

पट्ट्या पुन्हा बसवताना बोटांची लाकडं झाली. पिंप खडखडू लागलं. पण पाणी तापायला अंधार पडणार होता, आणि मुलगी नातीला शालीत गुंडाळत होती.

“एवढा खटाटोप कशासाठी केलात, बाबा? एक शेगडी आणली असती तरी भागलं असतं.”

कुणी असं विचारलं की, रिकामा मिस्त्री दुसरं काय करणार, असं म्हणून तो हसायचा. आज तो ओले हात पुसू लागला आणि पुसतच राहिला.

“तू यावीस म्हणून,” तो म्हणाला. “मला एकट्याला नाही गं करमत. राहा आजची रात्र.”