घरचं ताट

"...मग मी पळत घरी गेले, माझं ताट घेऊन आले आणि मंजुषाच्या शेजारी बसले," सत्यशीला वर्गात उभी राहून वाचत होती. "अख्खी पंगत हसायला लागली. दादांनी मला ताटासकट उचललं आणि घरी नेलं. मी रस्ताभर भोकाड पसरलं होतं."

वर्ग खळखळून हसला. सोळंके सरही हसले, पण त्यांचं हसू मधेच थांबलं. त्यांनी उगाचच मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि "ठीक आहे, बस" म्हणाले.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीची एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. परमुलखातलं कापसाचं रान, तिथली एक गोरी पोर आणि त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काळ्या बाईची तेवढ्याच वयाची लेक. दिवसभर दोघी एकत्र हुंदडायच्या आणि जेवायची वेळ झाली की काळी पोर मागच्या पायरीवर बसून खायची. बाकीच्यांनी गाईड आणून काम भागवलं होतं. मूळ पुस्तक वाचलं ते दोघींनीच, सत्यशीलानं आणि मंजुषानं, एसटीत एकाच सीटवर बसून. सरांनी सांगितलं होतं, त्या पोरीच्या बालपणाशी जुळेल अशी आपली एखादी आठवण लिहून आणा.

सत्यशीलाला आठवली ती गावच्या सप्ताहातली काल्याची पंगत. गाव पत्रावळीवर जेवायचं; वरण ओतलं की पत्रावळ गळायची आणि परकर खराब व्हायचा. पलीकडच्या वस्तीतली माणसं मात्र घरून स्टीलची ताटं आणायची, घासून लखलखीत केलेली. मंजुषाच्या ताटावर तर तिचं नाव कोरलेलं होतं. सहा वर्षांच्या सत्यशीलाला तिचा कोण हेवा वाटला होता! नाव तर माझ्याही ताटावर आहे, मग मी का नाही आणायचं?

आता बोला! पायरीवर जेवणाऱ्या त्या परमुलखातल्या पोरीसाठी ही मुलगी उशी भिजेपर्यंत रडली होती, त्या पानावर लाल पेन्सिलीनं रेघाही ओढल्या होत्या. आणि तरीही स्वतःची आठवण तिनं गंमत म्हणून लिहिली. शेवटचं वाक्य वाचताना तिनं कौतुकानं दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथं मंजुषा हसत नव्हती. खाली मान घालून पुस्तक पिशवीत भरत होती, तास संपायचा होता तरी. सत्यशीला खाली बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

परतीच्या एसटीत मंजुषानं जागा धरली नाही. युसूफ वडगावच्या बाजारावरून आलेल्या एका बाईशेजारी ती बसली, मांडीवर त्या बाईची पिशवी घेऊन. गावच्या फाट्यावर उतरल्यावर सत्यशीलानं तिला गाठलं.

"मंजे, रागावलीस?"

"राग कशाचा? चांगलं वाचलंस की. समदे हसले."

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुला कावून माहीत असंल?" मंजुषा म्हणाली आणि वस्तीच्या वाटेला लागली. तिचे आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. घरात ती आणि तिची म्हातारी आजी भिवराबाई, दोघीच.

सत्यशीलाचं घर मोठं; भाऊ पुण्याला, आई सदा देवघरात नाहीतर चुलीपाशी. बोलायला म्हणून गावात एक मंजुषा होती. आता तीही नाही म्हटल्यावर त्या संध्याकाळी तिला आपलंच घर परकं वाटू लागलं.

दादा, म्हणजे तिचे वडील धर्मराज, अंगणात खुर्ची टाकून फोनवर सप्ताहातल्या काल्याची जुळवाजुळव करत होते. मोठा माणूस. वस्तीतल्या कुणाचं रेशनकार्ड अडो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, दादा जीप काढायचे. कादंबरीतल्या पोरीचा बाप एका निरपराध काळ्या सुताराच्या बाजूनं साक्षीला उभा राहतो, सगळं गाव उलटलं तरी हटत नाही. त्या बापाला सत्यशीलानं मनातल्या मनात दादांच्याच मिशा लावल्या होत्या.

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "दादा, मी लहानपणी पंगतीत ताट घेऊन आलते, आठवतंय?"

"आठवतंय तर! लई हट्टी होतीस." दादा मनापासून हसले.

"ती माणसं घरून ताटं कावून आणायची?"

"कावून म्हंजे? पहिल्यापासून तसंच हाय. त्यांना कुणी आणा म्हणतं का? त्यांचे ते आणतात."

"मग मला कावून उचललं?"

दादांनी फोन पुन्हा हातात घेतला, नंबर शोधू लागले. "तू तुझं पुस्तक वाच, बाळा. परीक्षा हाय ना जवळ?" आणि आत बघून त्यांनी आवाज दिला, "अगं, पोरीला दूध द्या जरा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. तिला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. इतकं प्रेमानं बोलणारा माणूस आणि त्याच तोंडून हे!

काल्याचं कीर्तन दोन दिवसांनी झालं. दहीहंडी फुटली, मंडपात पंगती बसल्या. शाळेच्या भिंतीकडेला वस्तीची ओळ बसली होती, प्रत्येकापुढे घरचं ताट. इतकी वर्षं ही ओळ डोळ्यांपुढे होती. दादा स्वतः वाढत होते. "घ्या की मावशी, पोटभर जेवा," असं भिवराबाईला म्हणत त्यांनी वरण वाढलं, पळी हातभर वर धरून. वरणाची धार ताटात पडली, चार थेंब म्हातारीच्या लुगड्यावर उडाले. तिनं ते बोटानं पुसले आणि म्हणाली, "बास, दादा, लई झालं." तिच्या शेजारची जागा मोकळी होती. मंजुषा आली नव्हती.

सत्यशीलापुढे आईनं पत्रावळी मांडली. ती उठली.

"कुठं चाललीस गं?" आईनं विचारलं.

ती मंडपाबाहेर पडली. घरी गेली, मांडणीतून आपलं ताट काढलं, मामानं बारशाला दिलेलं, कडेला नाव कोरलेलं. ते छातीशी धरून ती वस्तीकडे निघाली. वाटेत तिनं मनाशी सगळं जुळवलं होतं. तेव्हा अर्ध्यातून उचललं होतं, आज कुणी उचलणार नाही. मंजीच्या शेजारी बसायचं, बस्स. खरं सांगायचं तर या विचारानं तिला थोडं बरंही वाटत होतं.

मंजुषा दाराच्या आतल्या चुलीवर भाकरी टाकत होती. कादंबरी पाटावर पालथी ठेवलेली.

"मी जेवायला आले," सत्यशीला म्हणाली.

मंजुषानं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग ताटाकडे. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उलटली.

"हे कशाला आणलंस?"

"माझं ताट... म्हटलं, तुझ्यासारखंच—"

"आमच्यात जेवायला येताना घरून ताट आणावं लागत न्हाई."

आवाज चढला नव्हता. सत्यशीलाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तिनं ताट उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत आली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

मंजुषानं फळीवरून आपलं ताट काढलं, ओढणीनं पुसलं. त्यात भाकरी, कोरड्यास, मिरचीचा ठेचा वाढला आणि तिच्यापुढे ठेवलं. कडेवरची अक्षरं झिजली होती, तरी नाव वाचता येत होतं. मग तव्यावरची भाकरी तिनं स्वतःसाठी तळहातावर घेतली.

"तुझं ताट?" सत्यशीलानं विचारलं.

"भांडी समदी आईसंगं तोडीला गेली." मंजुषानं भाकरीवर ठेचा लावला. "घरात दोनच ताटं हायेत. दुसरं आजीनं तुमच्या पंगतीला नेलंय. खा, गार होईल."